राणीसाहेबांच्या भिंतीचा सल्ला

गोल महालाच्या वरच्या सज्जात माणसं रांगेत उभी होती आणि इतकी शांत, की कुणाला शिंकायचीही चोरी. रांगेच्या टोकाला कोट घातलेला एक धिप्पाड गृहस्थ भिंतीला कान लावून उभा होता. थोड्या वेळाने तो वळला, तेव्हा त्याचे दोन्ही गाल ओले होते.

"आईचं नाव घेतलं त्यांनी," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "माझ्या आईचं."

रांगेतून एक सुस्कारा सरकत गेला. आमच्या गाइडने मिटलेली छत्री छातीशी धरली आणि डोळे अर्धे मिटले. "त्यांनी म्हणजे राणीसाहेबांनी," तो आमच्या कानाशी लागून म्हणाला. "शत्रू महालात शिरला तेव्हा राणीसाहेब या भिंतीत विरून गेल्या. शरीर नाही सापडलं, सर. आवाज राहिला. पण तो सगळ्यांना ऐकू येत नाही हं. मी प्रत्येकाला इथे आणतही नाही. आज फक्त तुमच्यासाठी."

आमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गाइडने हेच सांगितलेलं असणार, असं मला वाटून गेलं. पण सहल माझी नव्हती, भाऊजींची होती.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांची गाडी चालवायला शिकवण्याची शाळा आहे. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांना अशी सवय लागली आहे, की कुठल्याही गाडीत ते मागच्या सीटवर बसले तरी त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला असतो. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशनची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती. "त्याआधी एकदा ते जुनं शहर बघून येऊ," ते म्हणाले. डॉक्टरांनीही फार दगदग करू नका एवढंच बजावून परवानगी दिली. म्हणून आम्ही वेगळी गाडी आणि वेगळा गाइड ठरवला. मी कान-नाक-घशाची डॉक्टर असल्यामुळे ताईने मला बरोबर घेतलं आणि धाकटी बहीण असल्यामुळे माझं काहीही ऐकायचं नाही असंही ठरवलं. "तू कानाची," ती म्हणायची. "हृदयातलं तुला काय कळतंय?"

छत्रीवाला गाइड सकाळपासून रंगात होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या राजघराण्यातलं कुणीच कधी सरळ दरवाजातून बाहेर पडलं नव्हतं. जो तो भुयारातून. प्रत्येक विहिरीत खजिना होता आणि प्रत्येक खजिन्यावर एक नाग. मधेमधे तो मागे वळून मायेने विचारायचा, "घरी कोण कोण असतं, सर? तब्येत कशी असते? घरच्यासारखं विचारतो हं." भाऊजींना एवढंच निमित्त हवं होतं. शाळा, झडप, ऑपरेशन, झोप न लागणं, त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताईने माझीही ओळख करून दिली. मग आठवण म्हणून गाइडने आमचा फोटो काढला आणि बराच वेळ मोबाइलवर बोटं चालवत राहिला.

आता भाऊजींची पाळी आली. गाइडने छत्री उंच केली. "बाकीच्यांनी भिंतीपासून दूर राहा. राणीसाहेबांना गर्दी सोसत नाही."

भाऊजींनी भिंतीला कान लावला, हळूच काहीतरी विचारलं आणि ऐकत राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाल्या?" ताईने विचारलं.

"म्हणाल्या, तुम्ही लोकांना गाडी सांभाळायला शिकवता, मग स्वतःची गाडी परक्याच्या हातात का देता? छातीला सुरी लावू देऊ नका. माझ्या विहिरीचं पाणी सव्वा महिना प्या. झडप आपोआप बरी होईल."

ताईचे डोळे भरून आले. मी पुढे झाले आणि भिंतीला कान लावला. भिंत थंडगार होती. काही क्षण काहीच नाही. मग अगदी माझ्या कानात, ओठ टेकवून बोलावं इतक्या जवळून, एका बाईचा आवाज आला, "लोकांचे कान तपासतेस, पोरी. पण ऐकत कुणाचंच नाहीस."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. मी भिंत चाचपली. गुळगुळीत गिलावा. फट नाही, भोक नाही, तार नाही.

"स्पीकर शोधताय का मॅडम?" गाइड गोड हसला. "शोधा, शोधा. मोठमोठे इंजिनिअर शोधून दमले."

मी ताईला राणीसाहेबांचे शब्द सांगितले. ती म्हणाली, "हे मात्र त्या अगदी बरोबर बोलल्या."

जेवायला आम्ही महालाबाहेरच्या खाणावळीत बसलो. विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या योगायोगाने गाइडच्या गाडीच्या डिकीतच होत्या. त्यांची किंमत तो घेणार नव्हता. "भावनेनं द्याल ते," तो म्हणाला, "फक्त भावना जरा मोठी ठेवा." एवढं सांगून तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

भाऊजींनी ताट बाजूला सरकवलं. "हॉस्पिटलला फोन कर," ते ताईला म्हणाले. "तारीख रद्द करून टाक."

ताईने पर्समधून फोन काढला. मी तिच्या हातावर हात ठेवला. झडपेचं काय होतं हे मला माहीत होतं. सव्वा महिन्याने भाऊजी आमच्यात असतीलच याची खात्री कुणी दिली नव्हती. पण हे त्यांना ओरडून सांगितलं असतं, तर ते अधिकच राणीसाहेबांकडे सरकले असते.

"भाऊजी, डॉक्टर बदलूनसुद्धा आपण दुसरं मत घेतो," मी म्हटलं. "राणीसाहेबांना दुपारी पुन्हा एकदा विचारा. तोवर फोन नको."

भाऊजींना ते पटलं. गाइडला तर फारच पटलं. "दुपारी राणीसाहेब जास्त खुशीत असतात," तो तिकडूनच म्हणाला.

मी जेवत होते, पण डोक्यात तो आवाज घोळत होता. दोन गोष्टी खटकत होत्या. सकाळी गाडीत जे बोललं गेलं नव्हतं, असं एक अक्षरही राणीसाहेबांनी सांगितलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे त्यांचं नाक चोंदलं होतं. 'कान'मधला 'न' जवळजवळ 'द' झाला होता. वाक्य संपल्यावर नाक ओढल्याचा बारीकसा आवाजही ऐकू आला होता. असे आवाज मी रोज दवाखान्यात ऐकते. शेकडो वर्षांपूर्वी भिंतीत विरलेल्या बाईला सर्दी झाली असेल, तर एक तर वैद्यकशास्त्र नव्याने लिहायला हवं, नाहीतर ती बाई जवळपासच कुठेतरी बसलेली असायला हवी.

हात धुवायला गेले तेव्हा गाइड तिथेच होता. मी आवाज खाली आणला. "एक सांगू का? भाऊजींचा जुळा भाऊ होता. लहानपणी तळ्यात बुडाला. तेव्हापासून ते मनातून खचलेत. त्यांच्यासमोर मात्र हा विषय काढू नका." डोळ्यांत पाणी आणणं काही जमेना, म्हणून मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

"माझ्या पोटातच राहील, मॅडम," तो म्हणाला आणि खिशात मोबाइल शोधू लागला.

दुपारी आम्ही पुन्हा लिफ्टने वर गेलो. भाऊजी रांगेत उभे राहिले. मी ताईला म्हटलं, "आलेच," आणि सज्जातून उलट्या बाजूने निघाले. सज्जा गोल होता. मध्ये खोल मोकळी जागा, वर घुमट आणि कडेने फिरणारी अखंड भिंत. रांग होती तिच्या बरोबर समोरच्या बाजूला ताडपत्रीचा पडदा लावला होता. वर पाटी होती, 'काम चालू आहे. प्रवेश बंद.'

पडद्याआड ना घमेलं होतं, ना सिमेंट, ना गवंडी. एक खुर्ची होती, खुर्चीवर उशी, बाजूला थर्मास आणि कागदी रुमालांचा डबा. उशीवर स्वेटर घातलेली एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिच्या एका हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर आम्हा तिघांचा फोटो. पडद्याच्या फटीतून ती पलीकडे बघत होती. पलीकडे छत्री वर गेली. तिने तोंड भिंतीशी नेलं.

मला बघून ती दचकली नाही. उलट ओठांवर बोट ठेवून तिने मला गप्प राहायची खूण केली. पडद्याआडच्या अंधुक उजेडात तिने माझा चेहरा ओळखला नाही; मी दुसऱ्या कुठल्या तरी गाइडची माणूस आहे असं तिला वाटलं असावं. मग ती भिंतीशी कुजबुजली, "तुबचा जुळा भाऊ बाझ्यापाशी सुखात आहे. तो म्हणतो, दादा, ऑपरेशद करू दकोस."

मीही भिंतीला कान लावला. मग भाऊजींचा आवाज आला, माझ्या खांद्यामागे उभे असावेत इतका स्पष्ट. "राणीसाहेब, काहीतरी घोटाळा होतोय. मी एकुलता एक आहे."

बाईने मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकुलता एक म्हणतोय," ती वैतागून म्हणाली. "धड माहितीसुद्धा पाठवत नाहीत मेले. तुम्ही कुणाकडच्या?"

"मी त्यांची मेहुणी," मी म्हटलं. "जरा सरकता का?"

ती सरकली. मी भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोलले, "भाऊजी, मी बोलतेय. ऑपरेशनची तारीख बदलायची नाही."

"तू?" भिंत म्हणाली. "तू कुठे आहेस?"

"तुमच्या बरोबर समोर."

आणि मी ताडपत्री बाजूला ओढली. मधल्या मोकळ्या जागेपलीकडे भाऊजी भिंतीला चिकटून उभे होते, शेजारी ताई होती आणि छत्री उंच धरलेला गाइड. ती खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.

रांग मोडली. माणसं दोन्ही बाजूंनी आमच्याकडे आली. मी खुर्ची, थर्मास, मोबाइल सगळं दाखवलं. "यात जादू काहीच नाही," मी म्हटलं. "भिंत गोल आहे आणि गुळगुळीत. तिच्याशी तोंड लावून कुजबुजलं, की आवाज इकडेतिकडे विखरून जात नाही. भिंतीच्या कडेकडेने घसरत पलीकडे पोचतो. भिंतीपासून दूर उभं राहिलं तर ऐकू येत नाही. म्हणून तर तुम्हाला दूर उभं करत होते. मधेच कुणी भिंतीला कान लावला असता, तर त्यालाही राणीसाहेब ऐकू आल्या असत्या."

सकाळचे ते कोटवाले गृहस्थ गर्दीतून पुढे आले; तेही दुपारी पुन्हा रांगेत उभे राहिले होते. "मग माझ्या आईचं नाव?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

बाईने नाक पुसलं. "तुम्हीच सांगितलं असेल गाइडला."

ते आठवत राहिले. "हो," ते सावकाश म्हणाले. "पाकिटातला तिचा फोटो दाखवला होता मी." मग ते तिथेच खुर्चीत बसले. "उद्यापासून मी डायबेटिसच्या गोळ्या बंद करणार होतो. या म्हणाल्या म्हणून."

छत्रीवाला एव्हाना आमच्यापर्यंत पोचला होता. "मॅडम, इतिहास रुक्ष असतो," तो म्हणाला. "थोडा रंगवावा लागतो. लोकांना आवडतं."

"रंगवा की," मी म्हटलं. "भुयारं हवी तेवढी खणा. नाग पाळा. पण माणसाच्या औषधाला हात लावायचा नाही. तुमच्या विहिरीचं पाणी प्यायलेल्यांपैकी एकाची तरी पुढे तुम्ही चौकशी केलीत?"

त्याने छत्री काखेत मारली आणि तो लिफ्टकडे बघू लागला.

आम्ही, कोटवाले आणि आणखी काही जण महालाच्या कचेरीत गेलो आणि तक्रार नोंदवली. तिथल्या अधिकाऱ्याने ताडपत्री त्याच दिवशी उतरवली. निघता निघता मी त्या बाईला वाफारा घ्यायला सांगितलं. थंड भिंतीला तोंड लावून दिवसभर बसणं त्या सर्दीला मुळीच चांगलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी गाडीची खिडकी खाली केली. मग म्हणाले, "मी काही अगदीच भोळा नाही गं. भिंत बोलते यावर माझा पुरता विश्वास बसला नव्हता. पण मला 'नको करू' म्हणणारं कुणीतरी हवं होतं. तुम्ही दोघी नुसतं 'सगळं नीट होईल, सगळं नीट होईल' म्हणत होतात. तिने निदान माझी भीती ओळखली."

ताईने त्यांचा हात धरला. "खूप भीती वाटते?"

"खूप," भाऊजी म्हणाले. "भूल देतात ना, त्याची. पुन्हा जाग आली नाही तर?"

मग घर येईपर्यंत आम्ही भूल या एकाच विषयावर बोललो. मला माहीत होतं ते मी सांगितलं. जे माहीत नव्हतं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं ठरवलं, आणि भाऊजींनी ते दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून विचारलं. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्यांना जागही आली.

त्या बाईला भाऊजींच्या हृदयातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त ते घाबरलेत एवढं कळवलं गेलं होतं आणि तेवढ्यावर तिचं दुकान चालत होतं. तेव्हा कुणी तुमच्या मनातलं ओळखून दाखवलं, तर पाया पडण्याआधी एवढं आठवून बघा, की हे आपण कुणाला बोललो होतो का. आणि तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला निघालं असेल, तर भीती वाटते का, हे त्याला तुम्हीच विचारा. भिंतीवर सोपवू नका.