चौथ्या खुर्चीची पानं

"बारातले आठ गाळायचे," वाद्यवृंदाचे प्रमुख मास्त्रो काफारेना म्हणाले, तेव्हा ऑरेलियो झानोत्तीच्या मनात आलं, मग पहिला तूच नीघ. तोंडाने तो फक्त "बरं" म्हणाला.

बोएदो वस्तीतल्या नाचाच्या क्लबांना आता बारा वादक परवडत नव्हते. वीस वर्षं या वाद्यवृंदाच्या टँगोंची बांधणी ऑरेलियो करत आला होता. कुणी केव्हा काय वाजवायचं ते पियानोवर बसून ठरवायचं आणि कागदावर उतरवायचं, हे त्याचं काम. आता तेच सगळं पियानो, व्हायोलिन, बास आणि एकच बांदोनिऑन, म्हणजे भात्याची बटणवाली पेटी, एवढ्यात कोंबायचं होतं.

त्याला सगळ्यांचाच तिटकारा होता. मास्त्रोंना कान नव्हता, नुसते केस होते. व्हायोलिनवाले रडके. आणि बांदोनिऑनवाले म्हणजे मांडीवर भाता घेऊन बसलेले लोहार. त्यातही चौथ्या खुर्चीवरचा सेवेरिनो तर अगदीच मठ्ठ. "त्याला मी मुद्दाम सोपं लिहितो, नाहीतर हरवायचा बिचारा," असं ऑरेलियो चारचौघांत सांगे, सेवेरिनो ऐकत असतानाही.

एका टँगोचा मात्र त्याला फार अभिमान होता. त्याचा मधला तुकडा लागला की जोड्या नाचायच्या थांबत आणि मंचापाशी येऊन नुसत्या ऐकत उभ्या राहत.

गुरुवारी दुपारी तो क्लबात गेला आणि त्याच टँगोची वादकांची पानं त्याने कपाटातून काढली. नक्कलनवीसाकडे मूळ प्रत दिली की ही पानं पाहायची तसदी त्याने कधी घेतली नव्हती. बांदोनिऑनच्या चारही पानांवर शाईचे स्वर खोडून वर पेन्सिलीने दुसरे लिहिले होते. अक्षर एकाच माणसाचं. मधल्या तुकड्यात तर ऑरेलियोचा एकही स्वर उरला नव्हता. आपलं लिखाण वाजल्यावर कागदापेक्षा गोड लागतं हे त्याला जाणवलं होतं, पण तीही आपल्याच लेखणीची करामत, असं तो खुशाल धरून चालला होता.

तेवढ्यात सेवेरिनो आपलं सामान न्यायला आला. गाळलेल्या आठांत तो होताच. त्याच्या पेटीच्या खोक्यावरचं नाव पानांवरच्याच अक्षरात होतं.

"हे तू केलंस?"

"बोटं पोचत नव्हती, डॉन ऑरेलियो. ह्या पेटीचं एकच बटण उघडताना एक सूर देतं, मिटताना दुसरा. तुम्ही पियानोचं लिहिता."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नवीन लिहून आणलं असतंत. ते परत दुरुस्त करत बसावं लागलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ऑरेलियोला बरं वाटलं असतं.

एक बांदोनिऑन ठेवायचं तर याचं ठेवा, एवढंच मास्त्रोंना सांगायचं होतं. पण मग याचंच का, तेही सांगावं लागलं असतं. ऑरेलियोने रविवारभर बसून पेन्सिलीचे स्वर नव्या कागदावर शाईने उतरवले.

सोमवारी चौघांनी ते वाजवलं. बांदोनिऑनवर मास्त्रोंचा देखणा भाचा होता. सेवेरिनो वाद्यवृंदाचा कोट परत करायला आला होता, तो दाराशीच थांबला. तुकडा संपला.

"झानोत्ती," मास्त्रो म्हणाले, "चौघांतही भरलेलं वाटतं. हे सुचलं कसं तुला?"

सेवेरिनो हातातल्या कोटाची बटणं लावत होता.

"सुचलं," ऑरेलियो म्हणाला.

सेवेरिनोने शेवटचं बटण लावलं, कोट खुंटीला अडकवला, कॉलर सारखी केली. निघताना एकेकाचं नाव घेऊन तो "येतो" म्हणाला, ऑरेलियोलासुद्धा.