तिसरी हाक

शाई जात नव्हती. शेजारी बसलेल्या माणसानं अंगठा आधी केसांना पुसला, मग धोतराच्या आतल्या बाजूला, आणि निळा डाग पसरत पसरत नखापर्यंत गेला – सुंदरबाई तेवढंच बघत बसली होती. घासलेटाचा बोळा लावला की निघते, हे ह्या लोकांना कोणी सांगत नाही. घरी फडताळात असलीच शाईची डबी होती. तीन वर्षांत कोणाचा अंगठा तिच्यावर टेकला नव्हता, तरी दर आठवड्याला ती तिच्यात चार थेंब पाणी टाकत होती, वाळू नये म्हणून. कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार? डबी यजमानांची. कैलासचंद याच दिवाणी कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली, चोवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देत बसले... आणि आता घरी खाटेवर होते, उजवं अंग गेलेलं.

दुष्काळाच्या वर्षी लकवा झाला. ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांची लिहायची पेटी आणायला ती पहिल्यांदा इथं आली, आणि परत गेल्यावर त्यांनी अडखळत एवढंच विचारलं, की आत कोणता दावा चालू होता? तिला सांगता आलं नाही; ते पुन्हा भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पानाबाईला त्यांच्याजवळ बसवून ती मुद्दाम आली, तासभर ऐकून गेली, आणि संध्याकाळी जमेल तसं करून दाखवलं – वादी असा उभा होता, वकील असा खोकला. ते तोंडाच्या एका बाजूनं हसले. तेव्हापासून हा खेळ. ते साहेब, उशीखालचा रूळ डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर आपटला की कोर्ट सुरू. बाकी सगळं तिनं व्हायचं – वादी, प्रतिवादी, साक्षीदार, आणि दारात उभा राहून हाका देणारा शालिग्राम पट्टेवालासुद्धा. नियम एकच, जे ऐकलं तेच बोलायचं, पदरचं घालायचं नाही. जैनाचं घर, जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं, म्हणून निकाल त्याच्याही आधी. बांधाचे, विहिरीचे, सामाईक भिंतीचे किती दावे त्या दोघांनी निकाली काढले होते. खऱ्या कोर्टात ते अजून रेंगाळत होते. गावातल्या बायका म्हणत, ही आता वकिलीन होणार. म्हणोत बापड्या.

फक्त एका प्रकारचा दावा ती घरी नेत नसे. बायको नांदायला येत नाही म्हणून नवऱ्यानं केलेला दावा पुकारला, की ती उठून बाहेर पाण्याच्या माठाशी जाऊन उभी राही. आज मात्र शालिग्रामनं पुकारलं, शाईच्या अंगठ्याचा माणूस उठून पुढं गेला, आणि तिचे पाय काही हलले नाहीत.

तो इंझोरीचा पुंजाजी होता. बायको कशासाठी परत हवी, असं साहेबांनी विचारल्यावर तो आपल्या अंगठ्याकडे बघतच बोलला.

"ते गेल्यापासून मी घरात बोलूनच नाई राह्यलो, साहेब. बोलाव तं कोनासंगं? परवा बैलावर ओरडलो, तं मायाच आवाजाचं मले नवल वाटलं."

"म्हणजे नांदवायला तयार आहात ना?"

"हाव जी."

कारकुनानं लिहून घेतलं – वादी नांदवण्यास तयार आहे. एवढंच. बैल नाही, नवल नाही... ती लेखणी सरसर चालताना सुंदरबाई बघत राहिली, हे वाक्य तिच्या फार ओळखीचं होतं. पेटी घरी आणली तेव्हा तळाशी जुन्या नकला सापडल्या होत्या, त्यांच्या वळणदार अक्षरातल्या: 'अर्जदार आपल्या पत्नीस प्रेमाने नांदवण्यास राजी असून तिच्यावाचून त्याचे घर सुने झाले आहे.' कोणा परक्या माणसासाठी लिहिलेलं. आणि साल – साल तेच, जेव्हा मी धनजला बापाच्या दारात बसले होते. बाळंतपणाला गेले होते. बाळ नऊ दिवस जगलं. मग न्यायला कोणी येईना. एक दिवाळी गेली, दुसरी आली, रस्त्यावर घुंगरं वाजली की मी हातातलं टाकून उठायची, आणि गाडी पुढं निघून जायची. शेवटी सासऱ्यांनी खेमा गडी पाठवला. यजमान स्वतः आले नाहीत. घरी पोचले तर ते लिहीत होते, मान वर करून म्हणाले, "पानी ठेव." माणूस वाईट नव्हता, कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. पण लोकांच्या बायकांसाठी इतकं लिहिलं आणि मला एक पोस्टकार्ड नाही.

"बेबी, जौजे पुंजाजी, हाजिर हो!"

जौजे म्हणजे अमक्याची बायको, हे तिला आता कोर्टात बसून बसून कळत होतं. हाक गेली, कोणी उठलं नाही. दुसरी गेली. भिंतीपाशी एक हिरव्या लुगड्याची बाई मान खाली घालून बसली होती, आणि तिचं अंग हाकेसरशी थरथरलेलं सुंदरबाईनं स्पष्ट पाहिलं. तिसऱ्या हाकेला ती उठली.

"इथंच बसेल होती न? मंग पयल्या हाकेले काहून नाई आली?" शालिग्राम वैतागला.

"तीन असतेत, मालूम हाये मले," ती म्हणाली.

तारीख पडली, सगळे पांगले. पुंजाजी आणि ती एकाच रस्त्यानं गेली, दहा पावलांचं अंतर ठेवून. सुंदरबाई मात्र तिथंच बसून राहिली. तिला त्या बाईचा इतका हेवा वाटला, की या वयात असं वाटावं याची तिची तिलाच लाज वाटली.

घरी ते वाट बघतच होते. पानाबाई गेली.

"आज काय?"

"नांदायचा दावा."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग रूळ आपटला.

"प्रतिवादीचं नाव?"

बेबी, असं म्हणायचं होतं. नियम तोच होता. पण ओठांवर दुसरंच आलं, आणि आल्यावर तिनं ते अडवलं नाही. "सुंदरबाई."

रूळ हवेतच थांबला. "बापाचं?"

"लखमीचंद."

"राहनार?"

"धनज."

पुढचा प्रश्न त्यांनी जुन्या सवयीनं विचारला असेल, किंवा नसेल सवयीनं. "वादीचं नाव?"

"ते मले घेता येत नाई," ती म्हणाली.

आजारी माणसाला असं पिंजऱ्यात उभं करायचं का... पंचवीस वर्षं गिळलेलं आणखी चार दिवस गिळता आलं नसतं? त्यांनी रूळ हळूच उशीखाली सरकवला. निकाल नाही, तारीख नाही. ती उठून आत गेली. पानाबाईच्या भिंतीवरचं ऊन कौलांपर्यंत चढलं होतं, ताट वाढायला हवं होतं. तिनं माठातून तांब्या भरला.

"सुं... दर... बाई."

त्या घरात सासूनं तिला नावानं हाक मारली होती, जावांनी मारली होती. ह्या आवाजात कधी नाही. हा आवाज 'अवं'च्या पुढं कधी गेला नव्हता. आणि खेळातलं हाक मारायचं काम तर तिचं होतं. साहेबांनी पट्टेवाल्याचं काम करायचं नसतं... मग हे कोण बोलावतंय? ओ द्यायला तिचं तोंड उघडलं, आणि तिनं ते मिटलं.

बाहेर खाट कुरकुरली.

"सुंदरबाई..." मग दम घेण्यापुरतं थांबणं, जड जिभेची ओढाताण. "जौजे... कैलासचंद."

म्हणजे वादीचं नाव मिळालं. तिच्या हातातला तांब्या हिंदकळून पाणी पायावर सांडलं. आता गेलं पाहिजे, ते थकतील, तिसरीला दम पुरला नाही तर? आणि तिसरीलाही ओ दिली नाही तर दावा एकतर्फी जातो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरीही ती हलली नाही. धनजच्या दारात बसून वाट पाहण्याचं नुसतं दुखणं झालं होतं. आज त्याच वाट पाहण्यात तिला काहीतरी मिळत होतं, आणि ते लवकर संपू नये असं वाटत होतं. ओल्या पायानं, तांब्या तसाच धरून ती दाराआड उभी राहिली. बाहेर ते दम गोळा करत होते, ते तिला ऐकू येत होतं.