गुंडीने काकू म्हटलं तेव्हा

केस

बिनसलं कधी, तर गुंडीचा भांग सरळ पडायला लागला तेव्हा. म्हणजे बिनसलं काहीच नव्हतं, फक्त गुंडीच्या आईच्या पोटात दुखायला लागलं. तोवर रोज सकाळी शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसवून तीच लेकीच्या वेण्या घालायची. ओढून, करकचून, शिवणीला गाठ मारावी तशा. मग वरच्या मजल्यावर दीर आणि धाकटी जाऊ आपल्या छोट्याला घेऊन राहायला आले, आणि एके सकाळी गुंडी सागरवेणी मिरवत जिना उतरली.

"काकू घालते तेव्हा दुखत नाही."

झालं! सात वर्षांची पोर एवढंसं बोलून शाळेत गेली, आणि इकडे आईने गिऱ्हाइकाच्या पॅन्टचे दोन पाय दोन उंचीवर दुमडून ठेवले.

दंड

जाऊ मुलांच्या वॉर्डात नर्स. थंडीच्या तोंडावर ती आईच्या खालच्या शिवणकामाच्या दुकानात डोकावली.

"ताई, छोट्याला फ्लूची लस द्यायला नेतेय. गुंडीलाही नेऊ?"

"सर्दीतापाला कसली आलीय लस?"

"सर्दीतापावर भागलं तर बरंच. पण एखाद्या पोराच्या मेंदूपर्यंत जातं हो. चांगल्या धडधाकट पोरांच्याही. मी बघते ना वॉर्डात."

ते 'मी बघते ना' असं टोचलं की सुई परवडली.

"माझ्या लेकीला टोचायचं तर मी नेईन. मी आहे अजून."

"हो, हो, तुम्हीच न्या. फक्त न्या म्हणजे झालं."

न्यायचं तिच्या मनात होतं, अगदी खरं. पण आज गेलं तर जावेचं ऐकल्यासारखं दिसेल, म्हणून उद्या. उद्या गिऱ्हाईक. परवा पुन्हा तेच, कारण जावेने जिन्यात विचारलं, "नेलंत का?" आता तर मुद्दामच नाही.

थंडी आली.

कपाळ

गुंडीचं कपाळ तव्यासारखं तापलं. शाळेत निम्मा वर्ग फ्लूने झोपलेला. काळजी वाटलीच आईला, पण काळजीच्या खाली, अस्तरासारखं, एक सुखही होतं. आजारी लेक आईचीच! तिने दुकानातच, मशीनच्या मागे गादी घातली.

जाऊ दारातूनच म्हणाली, "पॅरासिटामॉल वजनाच्या मापाने द्या. अ‍ॅस्पिरिन मात्र चुकूनही नको, फ्लूत मुलांना ती घातक. आणि उठवूनही उठेनाशी झाली, भलतंसलतं बोलायला लागली, झटका आला, तर वाट बघू नका. मला हाक मारा."

"हो गं बाई. मीही एक पोर वाढवलंय."

आईच्या डोकेदुखीच्या डबीत अ‍ॅस्पिरिन होती. निव्वळ जावेचा शब्द मोडायला ती द्यावी, असं क्षणभर मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटून तिने डबी कपाटावर भिरकावली.

तोंड

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडीने डोळे उघडले. ओली पट्टी ठेवणाऱ्या आईकडे टक लावून बघितलं.

"काकू."

आईचा हात थबकला. "काकू नाही, आई आहे."

"काकू, वेणी."

तापातसुद्धा तीच! रात्रभर उशाशी कोण, आणि नाव कोणाचं! आई तडक उठून मशीनवर बसली आणि एका परकराची शिवण अशी हाणली की सुई तापली.

"काकू... काकू, भिंत चालतेय."

"चालू दे. बोलव तुझ्या काकूला, धरेल ती."

आजारी पोरीला असं बोलली ती. बोलली खरी.

मागे आवाज थांबला. फार वेळ थांबला, म्हणून तिने वळून बघितलं. गुंडी हवेत बोटं फिरवत होती, नसलेल्या केसांची वेणी घालत होती. नजर हँगरवर लटकलेल्या कुण्या गिऱ्हाइकाच्या कोटावर. त्या कोटाकडे बघून ती लाडात म्हणाली,

"आई, काकूला सांग ना माझे केस सोडायला."

कोट आई होता. आणि आई काकू.

म्हणजे पोर आवडनिवड करत नव्हती. पोरीला कोणी ओळखूच येत नव्हतं.

जिन्यात तिने अशी हाक ठोकली की जाऊ ओल्या केसांनी धावत आली. गुंडीचे डोळे बघितले, हाक मारून बघितली.

"काय म्हणाली? नेमकं सांगा, ताई."

"मला... मला काकू म्हणाली."

"कधीपासून?"

'आत्ताच', हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता.

"बराच वेळ झाला. मला वाटलं, तुझी आठवण काढतेय."

जावेने एकदाच तिच्याकडे बघितलं. "उचला तिला. मी गाडी काढते."

डोळे

मेंदूला सूज होती. नळ्या, तपासण्या, औषधं. हॉस्पिटलच्या वाटेवर एक झटकाही येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." त्या 'वेळेत'मध्ये किती शिवण मारली होती ते आईलाच माहीत. लस दिली होती का, तेही विचारलं. दिली तरी फ्लू होऊ शकतो, पण इतक्या थराला जायची शक्यता कमी होते, म्हणाले.

रोज डॉक्टर आईकडे बोट करून विचारायचे, "गुंडी, ही कोण?" गुंडी आरपार बघायची.

हा प्रश्न आला की जाऊ मुकाट्याने पडद्याबाहेर जायची, पोरीच्या नजरेत फक्त आई राहावी म्हणून. आईच्या ते लक्षात आलं आणि तिचा जळफळाट झाला. मोठेपणा घ्यायलाही हीच पुढे!

मग एका सकाळी:

"गुंडी, ही कोण?"

गुंडीने कपाळाला आठ्या घातल्या. "आई. आणखी कोण असणार?" आणि दम घेऊन, "काकू कुठंय?"

आईने पडदा सरकवला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तो गुंडीने धरला होता.

"ये गं," ती म्हणाली. "मागणी आहे तुला."

पुन्हा दंड

पुढच्या थंडीआधी जावेला सुट्टी मिळेना. "मी नेते दोघांना," आई म्हणाली, नको इतक्या घाईने. नेण्याच्या दिवशी सकाळीही गुंडीने वेणी वरच्या मजल्यावरच घालून घेतली होती. असो.

गुंडीने दंड पुढे केला, तोंड वाकडं केलं, संपलं. छोट्याने मात्र सुई बघून भोकाड पसरलं आणि मोठ्या काकूच्या गळ्याला अशी मिठी मारली की सोडवता सोडवेना.

"आईकडे जायचंय का रे?" तिथल्या नर्सने विचारलं.

"नाही! मोठी काकूच!"

संध्याकाळी जाऊ घरी आली, चप्पलसुद्धा काढायची होती. आई जिन्यातच उभी होती.

"दोघांना दिली लस. आणि अगं, छोट्या काय म्हणाला माहितेय?"

चहाच्या वेळी तिने ते पुन्हा सांगितलं. आणि कप विसळताना परत एकदा.