भाजक्या कुत्रीचं घर

मी शेषेरावांच्या दारातली कुत्री बोलतेय. दारातली म्हणजे पाळलेली नव्हे, फक्त कागदावर दारातली. ती गंमत पुढे सांगते. आधी एवढं ऐका, की मी डूख धरून बसले आहे आणि ते लपवायचं मला काही कारण वाटत नाही.

माझा जन्म नांदेडात, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, एका मोडक्या हातगाड्याखाली झाला. सगळी पत्र्याची घरं, दाराशी नाली, आणि मधेच एक दुमजली पक्कं घर. ते शेषेरावांचं. भोकरला नोकरी करून निवृत्त झाले आणि इथं येऊन राहिले. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर नाव आणि खाली 'निवृत्त अव्वल कारकून'. ती पाटी ते रोज सकाळी लिंबू लावून घासतात. एवढ्या मायेनं मला कुणी घासलं असतं तर मीही चकाकले असते.

समोरच्या पत्र्याच्या घरात महामाया राहते. ज्वारीच्या भाकरी थापून खानावळीला देते. करपलेली, फाटलेली भाकरी आम्हा कुत्र्यांची. तिनं मला तांबी म्हटलं, मी शेपटी हलवली, आणि तेच माझं नाव झालं.

त्या थंडीत मला तीन पिल्लं झाली. सकाळचं ऊन गल्लीत सगळ्यात आधी शेषेरावांच्या पायरीवर येतं, म्हणून मी पिल्लं घेऊन तिथं पडले होते. शेषेराव अंघोळीचं उकळतं पाणी घेऊन बाहेर आले. हाड म्हणाले असते तर मी उठले असते. पण ते काहीच बोलले नाहीत. अर्धी बादली माझ्या पाठीवर ओतली आणि उरलेलं पाणी घेऊन आत गेले. खिडकीतून त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी, सगळं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

महामायानं मला गोणपाटात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. चूल तशीच टाकून आली होती. मलम लावायला ती रोज बसायची, पण मला कुशीवर होता येईना आणि दूधही आटलं. बोळ्यानं दूध पाजून तिनं पाहिलं. तरी आठवड्यात तिन्ही पिल्लं गेली.

महामायानं शेषेरावांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हॉटेलाच्या भट्टीपाशी गेली असंल. मला काय माहीत?"

जखमेपेक्षा ते वाक्य मला जास्त झोंबलं. त्याच दिवशी मी ठरवलं, खरं काय ते या माणसाच्या तोंडून निघाल्याशिवाय सोडायचं नाही.

त्यांना मात्र मीच डोळ्यांत खुपत होते. त्यांनी गल्लीभर फिरून सह्या घेतल्या आणि कुत्री उचलून न्या म्हणून महापालिकेला अर्ज दिला. कुत्री कायमची जातील अशी त्यांची समजूत. गाडी आली तेव्हा आम्ही जाळी बघून पांगलो, तर यांनी स्वतः मटणाची हाडं टाकून आम्हाला आपल्या पायरीपाशी बोलावलं. महामाया भाकरी पोचवायला गेली होती. गाडीवाल्यानं विचारलं, कुठून उचलली म्हणून लिहू? शेषेरावांनी आपलं पूर्ण नाव, घरनंबर सांगितला, आणि 'निवृत्त अव्वल कारकून' लिहायलाही लावलं.

पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून माझं ऑपरेशन झालं, रेबीजची सुई दिली, खूण म्हणून कानाला खाच पाडली. सहा दिवसांनी तीच गाडी आली आणि मला थेट त्या पितळी पाटीखाली उतरवलं. शेषेराव गाडीला आडवे आले.

"नियम हाय, काका," गाडीवाला कागद त्यांच्या हातात देत म्हणाला. "जिथून उचललं तिथंच सोडायचं. पत्ता तुमचाच हाय. आता हिला काही केलं तर गुन्हा हाय."

जन्मभर लोकांना नियम दाखवणारा माणूस तो कागद हातात धरून उभा राहिला. मी पायरीवर चढून बसले.

तेव्हापासून मी इथंच आहे. महामाया हाक मारते, मी जाते, खाते आणि परत येऊन बसते. मी चावत नाही, भुंकतही नाही. चावले तर तक्रार करायची पाळी त्यांची येईल. मी फक्त पाठ रस्त्याकडे करून बसते. त्या पाठीवर अजून केस आले नाहीत. त्यांनी दारात लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या, त्याला कुत्री भितात म्हणे. मी त्या बाटल्यांच्या सावलीत झोपते.

हळूहळू गल्लीत पत्ता बदलला. पाटी कुणी वाचेना. पोस्टमन असो, दूधवाला असो, सगळे म्हणू लागले, भाजक्या कुत्रीचं घर. शेषेराव ते ऐकायचे आणि पाटी आणखी जोरात घासायचे.

परवा सकाळी गॅसवाल्याला घर सापडेना. शेषेराव दारात उभे राहून फोनवर पाटीचा रंग सांगत होते, घरनंबर सांगत होते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "हाव. भाजकी कुत्री बसती ना, तेच घर."

गॅसवाला आला, सिलिंडर खांद्यावरून उतरवला आणि माझ्याकडे बघून सहज विचारलं, "कशानं भाजली वो काका ही?"

शेषेराव सिलिंडरचं सील तपासू लागले. तेवढ्यात मागून रुक्मिणबाई आल्या. त्या खिडकीनंतर पहिल्यांदाच त्या या गोष्टीवर बोलल्या.

"सांगा की."

समोर महामायाचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मीच पाणी टाकलं होतं," शेषेराव म्हणाले. "उकळतं."

एवढंच तर मला हवं होतं. मला वाटत होतं, हे ऐकलं की उठेन, अंग झटकेन आणि महामायाच्या चुलीपाशी जाऊन निवांत पडेन. पण उठवेना. खरं बोलून झालं, तरी पिल्लं काही आली नाहीत.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. दारातून पाणी फेकण्याआधी खाली बघा. शेषेरावांसाठी मात्र माझं काही मागणं नाही, माफीही नाही. कधी टाकीमागच्या गल्लीत आलात तर त्यांचं नाव विचारत बसू नका. माझं घर विचारा, कुणीही दाखवेल.