मथुराबाईंच्या गाण्यांचा दुवा

किशोरी मालवणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. कॉलेजच्या ऑनलाइन ग्रंथालयासाठी ती मालवणी बोलीतलं जे जे इंटरनेटवर सापडेल त्याची नोंद करायची. कुणाचा ब्लॉग, कुणी टाकलेला दशावतार. नोंदीत नाव, विषय, थोडी माहिती आणि तिथे पोचायचा दुवा. दुवे चालू आहेत ना, हे ती अधूनमधून तपासायची.

त्या पावसाळ्यात एक दुवा उघडेना. कट्टा गावाजवळच्या मथुराबाईंच्या गाण्यांच्या व्हिडिओंचा. भातलावणीची, जात्यावरची, फुगडीची गाणी त्या म्हणायच्या आणि मोबाईलमागून त्यांची सून समीक्षा शब्दांचे अर्थ विचारायची. मथुराबाई अडखळल्या की दोघी हसत सुटायच्या. किशोरीला गाण्यांपेक्षा ते हसणंच आवडायचं.

समीक्षाचा फोन बंद लागला, म्हणून रविवारी किशोरी एसटीने कट्ट्याला उतरली आणि विचारत विचारत घरी पोचली. मथुराबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या.

"समीक्षा खंय आसा, मावशी?"

मथुराबाईंचं सूप थांबलं. "गेला गो ता. बांद्याक म्हायेराक जाताना हायवेर ट्रकान उडवल्यान. शिमग्याआदी."

किशोरी तशीच पायरीवर बसली. मग तिने आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं. मथुराबाई एकदम पुढे सरकल्या.

"म्हणजे ते विडिओ तुमच्याकडे आसत? तेचो आवाज आसा? एकदा आयकव माका."

आतून त्यांचा मुलगा विश्वेश बाहेर आला. कडेवर लहान मुलगी होती. "मीच काडून टाकलंय सगळा, मोबाईलातला पण," तो म्हणाला. "ह्या चेडू मोबाईलाक गाल लावन बसायचा. आये, भायर ये, म्हणायचा. माका बघवना."

"माका इचारलंस तरी?" मथुराबाई म्हणाल्या. त्या पुन्हा किशोरीकडे वळल्या. "पण कॉलेजात ठेवलेला आसतला मां?"

"नाय, मावशी. खंय काय बघूक गावता, तेवढाच आमी लिवन ठेवतंव."

"मगे वाच बघू, काय लिवलंस."

किशोरीने मोबाईलवर नोंद उघडून वाचली, "सासू-सुनेच्या गप्पांसह पारंपरिक गाणी."

"इतक्याच?"



किशोरीने व्हिडिओ ठेवणाऱ्या कंपनीला लिहून पाहिलं. पुसलेलं परत आणता येत नाही, असं उत्तर आलं. बंद दुवा नको, असं प्राचार्यांनी सांगितल्यावर तिने ती नोंदही काढून टाकली.

पुढच्या वर्षी एका दुपारी विश्वेश ग्रंथालयात आला. इस्त्रीचा शर्ट घालून, काउंटरपाशी अवघडून उभा राहिला.

"मॅडम, कुठूनच मिळणार नाही का ते?" त्याने जपून शुद्ध भाषेत विचारलं. "मुलगी विचारते, आई कशी बोलायची. तिला आता आठवत नाही." मग त्याला तसं बोलणं जमेना. "आणि माकाय नीट आठवना नाय."

किशोरीने नाही म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला.