तीन जागा

रिसीव्हर घ्यायचा म्हणून मी तीन आठवडे डोकं खाल्लं, स्वतःचं आणि घरातल्या सगळ्यांचं. होम थिएटरमधला हा मुख्य डबा. टीव्हीतून आलेला आवाज तो पाचही स्पीकरना वाटून देतो. हे मी बायकोला इतक्या वेळा समजावलं की शेवटी ती म्हणाली, "पटलं मला. आता भाजी चिरू दे."

दुकानात बाबाही सोबत आले. मी बोलावलं नव्हतं. टीव्हीखालचं कपाट त्यांनी स्वतः बनवलेलं, म्हणून खिशात मोजायची टेप टाकून निघाले. चाळीस वर्षं त्यांनी फर्निचरच्या कारखान्यात काढली आणि तिथला लाकडाचा भुसा छातीत घेऊन निवृत्त झाले. खोकला सुरू झाला की लवकर थांबत नाही. दुकानात ते खोकले तशी दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली आणि मी उगाच पलीकडच्या शेल्फकडे सरकलो. खोटं कशाला बोलू, सरकलो.

मी एक दणकट रिसीव्हर पसंत केला. विक्रेता मान डोलावत होता आणि मी ज्ञान पाजळत होतो. तेवढ्यात बाबांनी डब्याला टेप लावली. "अरे, हा कपाटात जेमतेम बसेल. वर दोन बोटंही जागा उरत नाही. गरम होतो ना हा?"

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"आजोबा बरोबर बोलतायत," विक्रेता म्हणाला. "वरून हवा मिळाली नाही तर हा तापून बंद पडतो. तुम्ही हा बुटका घ्या. तुमच्या खोलीला पुरून उरेल."

मुकाट्यानं बुटका घेतला. पण माझा चांगलाच पचका झाला होता आणि तो राग कुठेतरी काढायचा होता.

विक्रेत्यानं खोक्यातला छोटा माइक दाखवला. घरात जिथं जिथं माणूस बसतो तिथं हा ठेवायचा. स्पीकर आवाज काढतात, रिसीव्हर तो मोजतो आणि त्या जागांसाठी सगळं जुळवून घेतो. मोजताना मात्र खोलीत अजिबात आवाज नको. "घरी बसणारे किती जण?" त्यानं विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

त्यानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. "आणि आजोबा?"

"मी कुठं बघतो सिनेमे," बाबा घाईघाईनं म्हणाले. "मला आपल्या बातम्या पुरतात."

रोज संध्याकाळी आमच्याआधी टीव्हीसमोर बसणारा माणूस. परक्यासमोर माझी शोभा होऊ नये म्हणून ते खोटं बोलले आणि मी ते खपवून घेतलं.

रविवारी सकाळी स्पीकर जोडले. बाबा दाराजवळ आपल्या खुर्चीत बसले होते. माइक माझ्या जागेवर ठेवून मी बटण दाबलं. स्पीकर एकेक करून गुरगुरायला लागले आणि बाबांना खोकला आला. टीव्हीवर सूचना आली: खोलीत आवाज जास्त आहे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तर सगळं होत आलं होतं.

"बाबा, पाच मिनिटं कळ काढता येत नाही का तुम्हाला?"

मुलगी खाली बघायला लागली. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी वायर तपासायला वाकलो. बाबा उठले, खुर्ची उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

मग सगळं एका दमात जमलं. माझी जागा, बायकोची, मुलीची.

"आणि आबांची?" मुलीनं विचारलं.

"ते कुठं सिनेमे बघतात," मी म्हणालो. बाबांचं खोटं मी बाबांवरच वापरलं.

सिनेमा लावला. आवाज खरंच सुंदर होता. मागून घोडे आले, डोक्यावरून गेले, आणि मी बुटक्यावर खूश झालो. पंधरा मिनिटांनी बायको म्हणाली, "आतून इतक्या वेळात एकदाही खोकल्याचा आवाज आला नाही." आमच्या घरात असं होत नाही. मी उठलो.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हातांनी उशी तोंडावर दाबलेली. चेहरा लालभडक, डोळ्यांतून पाणी, खांदे आतल्या आत उसळत होते. बाहेर धडामधुडुम चालू होतं, म्हणजे मोजणं अजून संपलेलं नाही, असं ते धरून चालले होते. मला बघून त्यांनी उशी जराशी खाली घेतली.

"झालं का रे मोजून?" ते घशातल्या घशात म्हणाले. "आता खोकलं तर चालेल?"

हे घर त्यांनी बांधलं. त्याच घरात खोकायला ते माझी परवानगी मागत होते. मला इतकी लाज वाटली की त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"खोका, बाबा."

ते खोकले. खूप वेळ खोकले. मी शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. मधेच त्यांनी एक हात वर करून मला खूण केली, की दार लोटून घे, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल.