पुढच्या सीटवरची पेटी

भूकंपानंतर क्रोएशियातल्या त्या गावात कडाक्याची थंडी पडली होती. रक्ततपासणीचं काम यागोडाकडे होतं. तिचं हातभर लांबीचं यंत्र गारठलं की बंद पडायचं, म्हणून ती ते लोकरीच्या शालीत गुंडाळून, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवून पेटीत घालायची. पेटी रुग्णवाहिकेच्या पुढच्या सीटवर, हीटरसमोर.

गाडी तिहोमिरची. यागोडाच्या लेकीला बाप्तिस्म्याला त्यानेच धर्मपिता म्हणून हातावर घेतलं होतं, तेव्हापासून तो घरचाच माणूस.

"त्या पडक्या घरात म्हातारा अडकलाय, मी जाते," ती म्हणाली. "पेटी हलवू नकोस हं."

"अगं, हात लावला तर नाव बदल माझं!"

म्हाताऱ्या युरेचे पाय तुळईखाली चेंगरले होते. त्याला बाहेर काढून ती धावत गाडीपाशी आली, तर पेटी टपावर! झाकण उघडं, शाल बर्फाच्या पाण्याने चिंब. आणि पुढच्या सीटवर तिहोमिरच्या घरातून आणलेल्या डुकराच्या, धुरी देऊन टिकवलेल्या मांड्या ऐटीत बसलेल्या.

"चोर फिरतायत गं," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम होतं."

उपचाराच्या तंबूत डॉक्टर बार्तोल ओरडत होते, "रक्तातलं पोटॅशियम किती? पाय चेंगरल्याने ते वाढलं असेल तर हृदय थांबेल, लवकर सांगा!"

यंत्राचा पडदा काळाठिक्कर.

"बाहेर कुणी ठेवलं हे?" चिंब शाल बघून डॉक्टरांनी विचारलं.

यागोडाने तोंड उघडायच्या आत तिहोमिर बोलला, "सकाळपासून सांगतोय हिला, पेटी आत ठेव. ऐकेल तर शपथ!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मात्र हातमोजे झटकत होता. म्हातारा कण्हत होता. त्याच्या उशाशी भांडण काढणं तिला जमलं नाही.

डॉक्टरांनी अंदाजानेच औषध दिलं आणि युरेला शहरात धाडलं. तो वाचला, पण एक पाय गेला. तो यंत्र बंद पडल्यामुळे गेला की तुळईमुळे, हे कुणालाच सांगता आलं नाही.

युरेला शहराकडे नेल्यावर यागोडाने डॉक्टरांना खरं ते सांगितलं.

"तिहोमिर? तो असं करेल?" ते म्हणाले आणि यंत्र दुसऱ्या परिचारिकेच्या ताब्यात दिलं.

संध्याकाळी तिहोमिर दारात आला. "रागावलीस? अगं, माझी नोकरी गेली असती. तुला काय, दोन शब्द ऐकावे लागले."

"लेकीला काय सांगू?" तिने विचारलं.

तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आलेल्या तिहोमिरच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा ती बर्फातून पायीच तंबूकडे निघाली होती.